बोटभर कड

२ जुलै

प्रिय मावशी,

अर्धांगाच्या झटक्यानंतर डॉक्टरांनी तुला रोज डाव्या हाताने पानभर लिहायला सांगितलंय आणि तू "आज हवा बरी आहे" एवढंच लिहून पान उलटतेस, ही बातमी आमच्यापर्यंत पोचली आहे. म्हणून मी ठरवलंय, तुला पत्रं पाठवायची. मग उत्तर द्यावंच लागेल. फोन तू उचलत नाहीस, उचललास तरी "ठीक" म्हणून ठेवतेस. पत्रात तुला शब्द शोधायला हवा तेवढा वेळ मिळेल, आणि मला पूर्वीसारखी तुझी बोलणी खायला मिळतील. चार महिन्यांत मला कोणी धड रागावलेलं नाही गं.

आता कामाचं. आमच्या शाळेच्या जिन्यात दोन मजले उंच काच आहे. दुपारी तिथून इतकं ऊन येतं की पोरं डोळे मिटून जिना उतरतात. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला विचारलं की तिथे काही करता येईल का. मी उत्साहात हो म्हणून बसले. आता चित्रकलेच्या तासाला आम्ही प्लास्टिकचा कचरा घेऊन बसतो. मुलं घरून दुधाच्या पिशव्या, दुकानातल्या पिशव्या, बिस्किटांचे पुडे धुऊन आणतात. ते कापून थरावर थर लावायचे, वर-खाली कागद ठेवायचा आणि मी मंद इस्त्री फिरवायची. थर एकमेकांना चिकटतात आणि छान चिवट तुकडा तयार होतो. उजेडासमोर धरला की रंग असे उठून दिसतात की पोरं "बाई, माझा बघा, माझा बघा" करत अंगावर येतात.

सगळ्या शाळेला एकच विषय दिलाय: तुमच्या घराच्या खिडकीतून काय दिसतं. प्रत्येकाची एक खिडकी, मोठ्या वहीच्या पानाएवढी. सगळ्या जोडल्या की जिन्यात एक भलीमोठी इमारत उभी राहील. आणि इथे माझं घोडं अडलंय. जोडायच्या कशा? गोंद लावला तर दोन दिवसांत सुटतो. तू जन्मभर लोकांचे पडदे शिवलेस. सांग ना.

तुझी,
ठकी


९ जुलै

चि. ठके,

हे पत्र लिहिताना दोन वेळा चहा झाला. अक्षराला हसलीस तर याद राख.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे सारखं विचारायला नको. मशीनवर मी चादर टाकली आहे. उजवा हात मांडीवर ठेवला की तिथेच राहतो, उचलून दुसरीकडे ठेवावा लागतो. शिवणं संपलं. लोक म्हणतात होईल बरं. म्हणू देत.

आता प्लास्टिक. टाचण्या लावू नकोस, भोक पडलं की पडलं. कपडे वाळत घालायचे चिमटे लाव. टाका मोठा घे. बारीक टाक्याने भोकांची रांग होते आणि तिथूनच टरकन फाटतं. मशीनचा पाय प्लास्टिकला चिकटतो, म्हणून मध्ये पातळ कागद घाल, शिवून झालं की फाडून टाक. कापडासारखं उसवून पुन्हा शिवता येणार नाही, ते ध्यानात ठेव. आणि प्रत्येक तुकड्याला चारी बाजूंनी बोटभर कड रिकामी सोडायला सांग. शिवणीला जागा लागते. कड नसेल तर जगातला कोणीही शिंपी तुला वाचवू शकणार नाही.

हात दुखला. पुरे.

मावशी


२० जुलै

प्रिय मावशी,

तुझं पत्र मी फळ्याशेजारी लावलंय. काळजी करू नकोस, हाताबद्दलचा भाग दुमडून लावलाय. "टरकन फाटतं" हे आता सातवीच्या वर्गाचं परवलीचं वाक्य झालंय. काहीही झालं की म्हणतात, बाई, टरकन फाटलं.

चिमट्यांची युक्ती तर सोन्यासारखी. मी टाचण्यांचे डबे आणून ठेवले होते! प्रत्येक पोराला पट्टीने बोटभर कड आखून दिली आहे. एका मुलीने स्वतःच्या करंगळीने मोजलं, एकाने अंगठ्याने, मग शेवटी सगळ्यांसाठी माझंच बोट ठरलं. काम सुरू झालंय आणि वर्गात कधी नव्हे ती शांतता आहे. खिडक्या सताड उघड्या, इस्त्री माझ्याच हातात, तेव्हा उगाच काळजी नको.

अजून थोडं विचारते. दोरा कुठला घेऊ? कोणत्या रंगाचा? वरची पट्टी दुहेरी करू का? खाली वजन लागेल का? आणि तुला आवडेल असं एखादं नक्षीकाम कडेला करता येईल का? सावकाश कळव. तुझ्यावाचून हे माझ्याच्याने होणार नाही गं.

ठकी


१ ऑगस्ट

चि. ठकीस,

काल तुझी आई येऊन गेली. फळं आणली होती. ताई मनाची चांगली, पण पोटात काही ठेवत नाही. म्हणाली, "ठकी किती गुणाची बघ. तुझं मन रमावं म्हणून मुद्दाम काहीबाही विचारत असते. तिला काय, सगळं येतं."

तेव्हा दोरा कुठला, नक्षी कुठली, हे तू तुझं ठरव. शिवणकामाची पुस्तकं दुकानात मिळतात. मला रमवायला इथे रेडिओ आहे. माझी कीव करणारी माणसं या गल्लीत पुरेशी आहेत, आणखी एक पत्राने यायला नको.

राग नाही. पण आता लिहू नकोस.

मावशी


२६ ऑगस्ट

मावशी,

लिहू नकोस म्हणालीस, मी तीन आठवडे मुकाट्याने ऐकलं. आता लिहिते आहे. वाचायचं नसेल तर केराच्या टोपलीत टाक, पण आधी वाच.

हो, पहिलं पत्र तुझं मन रमावं म्हणूनच लिहिलं होतं. मग? माझी मावशी चार महिने भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि मी काहीच करायचं नव्हतं? कीव म्हण, माया म्हण, तुला हवं ते म्हण. आईला मी चांगलं फैलावर घेतलं आहे. ते राहू दे.

आता खरं सांगते. मी घोळ घातलाय आणि तो इतका मोठा आहे की मला जेवण जात नाही.

तुला माहीत आहे, मी मुलांना पहिल्या दिवसापासून एक नियम शिकवते. कागद पूर्ण वापरायचा. मधोमध इवलंसं चित्र काढून चारी बाजू कोऱ्या सोडायच्या नाहीत. माझ्या जिभेला त्याचं वळणच पडलं आहे. तर तुझी बोटभर कड सगळ्यांना आखून दिली, आणि पुढच्या तासाला वर्गातून फेरी मारताना माझ्याच तोंडून निघून गेलं, "कडा का रिकाम्या? भरा की!" एका वर्गात नाही, प्रत्येक वर्गात! पोरं आज्ञाधारक. भरल्या त्यांनी. शिवाय मी जाता जाता शाबासकीही दिली. इस्त्री करून सगळे तुकडे तयार झाले, आणि काल पहिले दोन शेजारी शेजारी धरले तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

कड कुठेच नाही, मावशी. शिवण घालायची तर एकाच्या मांजराची शेपटी जाते, एकीची समोरच्या गच्चीवर केस वाळवणारी बाई जाते. पाचवीतली एक मुलगी आहे, तिने कडेला बोटाएवढा निळा माणूस लावलाय. मी म्हटलं, याला जरा आत सरकवता आला असता. म्हणाली, "बाबा आहेत ते. कामावरून येतात ना, तेव्हा तिथेच दिसतात, वळणावर. आत आले की मग खिडकीतून दिसतच नाहीत."

आता मी काय करू? तुकडे उकलता येत नाहीत. पुन्हा करायला वेळ नाही, सप्टेंबरच्या शेवटी पालक बघायला येणार आहेत. आणि पुन्हा केले तरी त्या पोरीला मी काय सांगू, बाबांना काढ म्हणून?

तुला रमवायला मी इतका मूर्खपणा मुद्दाम केला असेल असं तुला वाटत असेल तर वाटू दे. मला फक्त उत्तर हवं आहे.

ठकी


३० ऑगस्ट

ठके, ठके, ठके,

शेजारीण धावत आली. तिला वाटलं मला पुन्हा झटका आला. मी हसत होते. किती दिवसांनी ते मला आठवतसुद्धा नाही, घशातून आवाजही भलताच निघत होता. "कडा का रिकाम्या? भरा की!" अगं बाई, मी बोटभर म्हणाले, तू बोट आखून दिलंस, आणि मग तूच! इतकी अस्सल चूक कोणी कोणाचं मन रमवायला करू शकत नाही. तेवढं तुझं डोकं चालत नाही. तेव्हा भांडण मिटलं.

आता नीट वाच. तीन दिवस विचार केला आहे.

तुकड्यावर तुकडा चढवायचाच नाही. दोन तुकडे शेजारी शेजारी ठेव, कडेला कड भिडवून. त्यांच्या फटीवर दोन पट्ट्या घे, एक पुढून, एक मागून. पट्टी पारदर्शक हवी, कपडे येतात ना गुंडाळून, तसल्या पिशव्यांची. चित्र तिच्याखालून जसंच्या तसं दिसेल. मग फटीच्या दोन्ही अंगांनी शिवण, अगदी कडेलगत, गव्हाच्या दाण्याएवढी आत. आणि दोरा काळा, जाड. काळी शिवण चारी बाजूंनी फिरली की काय होईल सांग? खिडकीला चौकट येईल. मी कड सोडायला सांगितली होती ती लपवायला. तुझ्या पोरांची कड लपवायची नाही.

शिवण मात्र सरळ हवी. इकडची तिकडे झाली तर त्या पोरीच्या बाबांच्या डोक्यातून जाईल. आधी नमुना करून बघ आणि कसा झाला ते खरं खरं कळव. खोटं लिहिलंस तर आता मला ओळखता येतं.

मावशी


५ सप्टेंबर

प्रिय मावशी,

चौकट! मी तुझं पत्र वर्गात मोठ्याने वाचलं आणि पोरांनी बाकं बडवली. मागच्या वर्गातले शिक्षक बघायला आले, काय झालं म्हणून.

खरं खरं सांगायचं तर नमुना हा असा. शाळेतलं मशीन विजेचं आहे. प्लास्टिकवर ते उधळतं. कागद घातला, टाका मोठा ठेवला, सगळं तुझ्या सांगण्याबरहुकूम, तरी शिवण नागमोडी गेली. माझ्याच नमुन्याच्या तुकड्यातली कुंडी मधून दुभंगली आणि भोकं कायमची राहिली. मुलांच्या तुकड्यांना हात लावायची माझी आता छातीच होत नाही.

तुझं पायाचं मशीन एकेक टाका घालतं, मला आठवतं. तू पायाची बोटं जराशी दाबायचीस आणि सुई मधल्यामध्ये थांबायची. मावशी, तुझे पाय ठणठणीत आहेत. मशीन टेम्पोत घालून आणू, तुला रिक्षात घालून आणू. ये.

कीव नाही, काही नाही. मला जमत नाहीये, एवढंच.

ठकी


९ सप्टेंबर

ठके,

नाही म्हणून पत्र लिहिलं होतं, ते फाडलं.

माझं बोलणं अजून अडखळतं. "थांब" म्हणायला जाते आणि शब्द दातांमागे बसून राहतो, तोवर सुई चार टाके पुढे. एका हाताने एवढा बोजा सरकणार नाही. पोरं हसतील. हे सगळं तुला आधीच सांगते आहे, नंतर तक्रार नको.

सोमवारी येते. मशीन आडवं झोपवू नका, उभंच आणा. तेल मी आज घातलं आहे.

मावशी


२८ सप्टेंबर

प्रिय मावशी,

तू शनिवारी शेवटचा टाका घातलास आणि "पडदा चढवताना मला बघवणार नाही, छातीत धडधडतं" म्हणून पळालीस. आता मी सांगते ते ऐक.

चढवायला सकाळ गेली. वरच्या दांडीला धरून दोन शिपाई, खाली मी आणि अख्खी शाळा श्वास रोखून. अर्ध्यावर कुठेतरी करकर आवाज आला आणि सातवीतून कोणीतरी हळूच म्हणालं, "टरकन..." मी असं वळून बघितलं की पुढचा शब्द त्याच्या घशातच राहिला. काही फाटलं नाही. एकही टाका हलला नाही. मग ऊन आलं.

मावशी, मला वर्णन करता येत नाही, मी चित्र काढणारी बाई आहे. पायऱ्यांवर, भिंतीवर, पोरांच्या पांढऱ्या शर्टांवर रंग पडले. नंतर प्रत्येक जण आपली खिडकी शोधायला धावला. जी खिडकी उलटी शिवली गेली ना, तुझ्या मते तो तुझ्या आयुष्यातला सगळ्यात काळा दिवस, तिची मालकीण आईला हात धरून घेऊन आली आणि म्हणाली, "ही माझी. मी पलंगावरून डोकं खाली सोडते ना, तेव्हा असंच दिसतं." तिला ती आता सरळ नकोच आहे.

आणि तो निळा माणूस आला होता. कामावरून परस्पर, कामाच्याच कपड्यांत. पोरीने बोट दाखवलं, दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर, कडेला. तो बराच वेळ मान वर करून बघत होता. मग मला म्हणाला, "मला वाटायचं, वळणावर मी कोणाला दिसत नाही."

तू गेल्यावर पोरांनी काय केलंय ते सांगू? तू शब्द अडला की टेबलावर टकटक करायचीस, एक टिचकी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. आता अख्खा वर्ग तेच करतो. मी फळ्यावर भरभर लिहायला लागले की मागून एक टिचकी येते. मोठ्या बाईंच्या भाषणातही आली. त्या थांबल्यासुद्धा.

कोणीही हसलं नाही गं. हसले ते तुझ्या बोलण्याला. त्या पोराने तुझा हात बघून विचारलं होतं ना, "हात झोपलाय का?" आणि तू सावकाश, एकेक शब्द गोळा करत म्हणालीस, "हो. घोरतो पण." ते अजून एकमेकांना सांगतात.

मोठ्या बाई, मुलं, पालक, सगळ्यांनी तुझे आभार मानायला सांगितलंय. माझे मी मानत नाही. ते पत्रात मावणार नाहीत, आणि लिहायला बसले तर अक्षर तुझ्यापेक्षा वाईट येईल.

तुझी,
ठकी


६ ऑक्टोबर

चि. ठके,

पत्र तीनदा वाचलं. एकदा शेजारणीला वाचून दाखवलं, माझ्या तोंडाने. वेळ लागला, पण ती बसली.

आभार तुझे मला मानायचे आहेत. समोर होते तेव्हा जमलं नाही, आणि तू मध्ये बोललीच असतीस. म्हणून लिहिते, आणि तू गप्प राहून वाच.

मी आजारी पडल्यापासून सगळे माझ्याशी फार चांगले वागले. ताई फळं आणते. गल्लीतली माणसं दारातून विचारून जातात. "आता आराम करा, खूप केलंत," म्हणतात. त्यांचं काही चुकत नाही, मी त्यांची ऋणी आहे. पण इतकं सगळं ऐकून माझी खात्री झाली होती की आता माझ्यावाचून कोणाचं काही अडत नाही. हाताचं दुःख नव्हतं गं एवढं. हात नाही म्हणून मी बसले नव्हते, कोणाचं काही अडत नाही म्हणून बसले होते.

त्या दिवसांत मी मशीनवर बसले, डावीकडे दोन पोरं, उजवीकडे दोन, समोर एक जण पडदा धरून. त्यांचे हात, माझे पाय. पहिला तास माझी पाठ घामाने भिजली होती. मी टिचकी मारली की ती पाचही थांबायची, दोन मारल्या की सरकवायची. नंतर नंतर मी मारायच्या आधीच थांबायला लागली. एवढे पडदे शिवले मी जन्मात, सगळे एकटीने. आपल्या शिवणीत दुसऱ्याचे हात असे मिसळतात, हे मला या वयात कळलं. माझ्या दोन हातांनी शिवले तेव्हाही इतकी सरळ शिवण क्वचितच आली असेल. हे कोणाला सांगू नकोस, जुनी गिऱ्हाइकं दुखावतील.

हात तसाच आहे. बोटं जराशी हलतात असं डॉक्टर म्हणतात, मला काही दिसत नाही. बोलणंही तसंच. त्याबद्दल तुला गोड काही लिहिणार नाही. पण सकाळी उठल्यावर आज काय करायचं हा प्रश्न पुन्हा पडायला लागला आहे, आणि तो पडणं किती सुखाचं असतं हे धडधाकट माणसाला कळायचं नाही.

तुझी माया मला पहिल्या पत्रातच कळली होती. ती मी परत पाठवली, माझाच हट्ट. मायेने मी उठले नाही, हे मात्र खरं. मी उठले ते तुझ्या घोळाने. तू खरोखर अडलीस, खरोखर घाबरलीस आणि माझ्याकडे आलीस. कोणी मला इतकी मोठी भेट दिली नव्हती. देव तुझं भलं करो, आणि तुझ्या त्या जिभेचंही.

तेव्हा आता माझं एकच मागणं आहे. यापुढे तुझं काही बिघडलं, शाळेत, घरात, कुठेही, तर "मावशीला कशाला त्रास" म्हणून आधी निस्तरून मग गंमत म्हणून सांगायचं नाही. बिघडल्याबरोबर सांगायचं.

तुझी,
मावशी